राज्याच्या बाई

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या आरोग्य केंद्रातल्या बाळंतपणाच्या टेबलावर आडव्या पडल्या होत्या. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या, पदर खोचलेला, हात पोटावर, नजर छताकडे. पन्नाशी उलटलेली ही बाई इथं कशाला येऊन पडली, असं माझ्या मनात येतंय तोच त्या मान न वळवता म्हणाल्या, "सिस्टर, हा पंखा किती दिवस बंद आहे?"

त्या वेळी आमचे डॉक्टर, शिपाई, दोन आशाताई आणि गावचे सरपंच पुढच्या गेटवर उभे होते. रांगोळी काढलेली, हातात गुच्छ, नारळ. राज्याचं तपासणी पथक पुण्याहून येणार म्हणून सकाळपासून सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. पथकाची गाडी संगमनेरच्या विश्रामगृहावर नाश्त्याला थांबली होती. या बाई तेवढ्या एसटीने फाट्यावर उतरून, चालत, पाण्याच्या टाकीमागच्या दाराने आत आल्या होत्या.

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी राज्याकडून आलेय. सगळे गेटवर कामात दिसले, म्हटलं त्यांना कशाला त्रास."

मग त्या उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही झोपून बघा."

मी आठ वर्षं त्या केंद्रात आरोग्यसेविका होते. त्या टेबलाशी उभी राहून किती बाळंतपणं केली त्याची गणती नाही. पण त्यावर झोपले कधीच नव्हते. त्या दिवशी झोपले. छताच्या कोपऱ्यात हे एवढं जळमट. पंख्याच्या पात्यावर काळा थर. आणि उजवीकडची खिडकी सरळ रस्त्याकडे उघडी. तिथं टपरीवर चहा पिणारे दोघे मला दिसत होते, म्हणजे त्यांनाही मी दिसत असणार.

"पडदा?" बाईंनी विचारलं.

"धुवायला गेलाय."

"कधी?"

मी खरं ते सांगितलं. "उन्हाळ्यात."

तेव्हा श्रावण चालू होता. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "बाई इथं चार-सहा तास पडून असते. तिला काय दिसतं ते कुणीतरी बघायला नको का?"

आमच्या खात्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. 'राज्याच्या बाई' एवढंच. फोनवर बातमी फिरायची, "राज्याच्या बाई निघाल्यात, सांभाळा." पण सांभाळणार कसं? त्या कुठल्या एसटीतून कुठल्या दाराने येतील ते त्यांच्या पथकालाही माहीत नसे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यावर आमचा शिपाई म्हणायचा, "आता तर बाईंना लईच सोपं झालं. अर्ध्या तिकिटात पुरती तपासनी."

त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असे आणि त्या पिशवीत किराणा दुकानात असतं तसलं एक किलोचं लोखंडी माप. अंगणवाडीत गेल्या की मुलांच्या वजनाचं रजिस्टर उघडायच्या आधी त्या ते माप काट्यावर ठेवत. एके ठिकाणी काट्याने एका किलोचा सव्वा किलो दाखवला. त्या गावातली सगळी मुलं कागदावर धष्टपुष्ट होती. बाईंनी सेविकेला काही न बोलता नवा काटा मागवायचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दिला आणि मुलांची वजनं पुन्हा घ्यायला बसल्या. सेविका रडायला लागली तर म्हणाल्या, "तुम्ही का रडता? काटा खोटं बोलला, तुम्ही नाही."

भिंतीवर रंगवलेला प्रत्येक फोन नंबर लावून बघायचा, हा त्यांचा आणखी एक नेम. पारनेर तालुक्यातली गोष्ट माझ्या तिथल्या मैत्रिणीने सांगितली. एका केंद्राच्या भिंतीवर रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा नंबर होता. बाईंनी लावला. पलीकडून आवाज आला, "बोला ताई. कळा किती मिनिटांनी येत्यात?"

बाई खूश झाल्या. "तुम्ही ड्रायव्हर का?"

"न्हाई. मी शिंपी हाय."

रंगाऱ्याने एक आकडा चुकवला होता. शिंप्याला दोन वर्षं बाळंतपणाचे फोन येत होते. सुरुवातीला त्याने भांडण काढलं. मग त्याने खऱ्या ड्रायव्हरचा नंबर मिळवून शिलाई मशीनवर चिकटवला आणि फोन आला की विचारपूस करून तो पुढे निरोप द्यायला लागला. बाई त्याच्या दुकानात जाऊन त्याला भेटल्या. अहवालात त्यांनी लिहिलं, "सदर सेवा दोन वर्षांपासून एका शिंप्याकडून समाधानकारकरीत्या दिली जात आहे." भिंतीवरचा नंबर दुरुस्त झाला. शिंपी म्हणे हळहळला, आता फोन येत नाहीत म्हणून.

मला या बाईचं फार कुतूहल वाटायचं. सरकारी तपासणी कशी असते ते आम्हाला माहीत होतं. रजिस्टरं मांडायची, सह्या घ्यायच्या, जेवण चांगलं ठेवायचं. ही बाई डबा घरून आणते, गुच्छ पेशंटच्या उशाशी ठेवते आणि टेबलावर झोपते, ते का? कुणी म्हणे, यांची बहीण अशाच दवाखान्यात गेली. कुणी म्हणे, बढती हुकली, त्याचा राग काढतात. कुणी म्हणे, मूलबाळ नाही. मी एकदा धीर करून विचारलंच.

त्या शेंगदाण्याची चटणी भाकरीवर पसरत होत्या. म्हणाल्या, "मला तपासायला पाठवलंय. मी तपासते. यात का काय?"

श्रावणातल्या त्या तपासणीत बाकी आमचं केंद्र उत्तम निघालं. गरोदर बायकांची नोंदणी पूर्ण, लसीकरण पूर्ण, सगळे रकाने भरलेले. बाईंनी शेवटच्या पानावर सही केली. जाताना मात्र मला म्हणाल्या, "आलेल्यांची नावं तुम्ही छान लिहिता. न आलेल्यांची कुठे लिहिता?" मला प्रश्न कळला नाही. मी मान हलवली.

पुढच्या संक्रांतीनंतर त्या पुन्हा आल्या. या वेळी मोठी तपासणी होती, कारण आमचं केंद्र जिल्ह्याच्या पुरस्काराला निवडलं गेलं होतं. डॉक्टर तरुण होते, मेहनती होते. स्वतःच्या हाताने त्यांनी बाग केली होती. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सिस्टर, मॅडमबरोबर तुम्ही राहा. सगळं दाखवा. फक्त कोप्यांकडे नेऊ नका."

कोप्या म्हणजे ऊसतोड कामगारांची पाचटाची खोपटी. दिवाळीनंतर साखर कारखाना सुरू झाला की आमच्या केंद्राजवळच्या माळावर त्या उभ्या राहत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मोडल्या जात. माणसं लांबून यायची, बीडकडची, आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-जामखेडची. त्यांच्या गावातल्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलेलं असायचं. आमच्या रजिस्टरात त्यांची नावंच नसायची. ते आमच्या गावाचे नव्हते.

बाई आल्या त्या थेट बाळंतपणाच्या खोलीत गेल्या आणि आडव्या झाल्या. छत झाडलेलं होतं, पंखा फिरत होता, खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता. मी जरा अभिमानाने उभी होते. वाऱ्याने पडदा हलला. बाईंची मान तिकडे वळली.

"टपरीच्या मागे माळावर धूर कसला? श्रावणात तिथं काही नव्हतं."

मी पडदा ओढून घेतला.

"सिस्टर, तिकडे कोण राहतं?"

"ऊसतोडीवाले, बाई. आपल्याकडचे नाहीत."

बाई उठल्या. चपला घातल्या. "आपल्याकडचे नाहीत म्हणजे कुणाकडचे?"

डॉक्टर दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, जेवण तयार आहे." बाई म्हणाल्या, "तुम्ही घ्या जेवून," आणि मागच्या दाराने चालायला लागल्या. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली. मी बीपीचं मशीन उचललं आणि बाईंच्या मागे निघाले.

माळावर चाळीसेक कोप्या होत्या. बहुतेक बायका फडात गेलेल्या. एक शेळी, दोन-तीन म्हाताऱ्या, उघडी पोरं. तिसऱ्या की चौथ्या कोपीत एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोट मोठं दिसत होतं. पाय इतके सुजलेले की जोडवी मांसात रुतली होती. शेजारी तिचा नवरा बसला होता.

"काय नाव?" बाईंनी विचारलं.

"मनीषा," नवरा म्हणाला. "खर्ड्याच्या पल्याड गाव हाय आमचं. सकाळधरनं डोकं दुखतंय म्हनती. फडात आलीच न्हाई."

"डोळ्यापुढं काजवे चमकतेत," ती हळूच म्हणाली.

मी पट्टा बांधला. एकशे ऐंशी, एकशे वीस. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा घेतलं. तेच.

बाईंनी आकडा बघितला. म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन लावा." मग मनीषाजवळ बसून तिला विचारलं, "दवाखाना इतका जवळ. आली का नाहीस?"

"आल्ते की," ती म्हणाली. "मागल्या महिन्यात. तिथं म्हनले, कार्ड गावचं हाय, गावाकडं दाखीव."

"कोण म्हणालं?"

मनीषाने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. मला तो दिवस लख्ख आठवला. ओपीडीत गर्दी, ही दारात उभी, हातात गरोदरपणाच्या नोंदीचं चुरगळलेलं कार्ड. मी कार्डावरचा शिक्का बघून तिला परत पाठवली होती. चेहराही नीट पाहिला नव्हता.

"ध्यानात न्हाई," मनीषा म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

डॉक्टर पळत आले. त्यांच्याबद्दल हे सांगायलाच हवं, ते पळत आले. पुरस्कार, जेवण, सगळं तिथंच टाकून. आम्ही तिला बाजेवर घालून केंद्रात आणलं. झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः दिलं. रुग्णवाहिका येईपर्यंत बाई तिच्या उशाशी उभ्या होत्या. गाडी आल्यावर डॉक्टर पेशंटबरोबर बसले. बाई मागे राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या कोप्या हिंडल्या. आणखी तिघी गरोदर निघाल्या. एकीलाही लोहाची एक गोळी मिळालेली नव्हती.

त्या रात्री मोठ्या दवाखान्यात मनीषाला मुलगी झाली. आठव्या महिन्यातली, मुठीएवढी. पुढे कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या.

अहवाल गेला. आमचं 'नोंदणी पूर्ण' खोडलं गेलं, पुरस्कार दुसरीकडे गेला. आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. कार्यक्षेत्रातील गरोदर महिलांची नोंद न घेतल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये. कुणावर तरी काढायची होती, ती सर्वांत खालच्या माणसावर निघाली.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, घाबरू नका. खुलाशात लिहा, सर्वेक्षण केलं होतं, त्या वेळी सदर महिला फडात होती. मी सही करतो." त्यांना मला वाचवायचंच होतं. थोडं स्वतःलाही. मी कागद घेऊन दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी बाईंना फोन केला.

"बाई, काय लिहू?"

"ते मी नाही सांगणार."

"तुमच्या अहवालामुळेच हे झालंय."

"हो. मी तपासनीस आहे, सिस्टर, तुमची वकील नाही." आणि फोन ठेवला.

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. स्वयंपाकघरात भांडी आपटत मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले. टेबलावर झोपायचं, लोकांचं आयुष्य उलटंपालटं करायचं, अर्ध्या तिकिटात पुण्याला जायचं. राग ओसरला तेव्हा मनीषाचा चेहरा समोर आला. तिने मला वाचवलं होतं. ती, जिला मी दारातून परत पाठवलं, तिने. मग मी लिहायला बसले. डॉक्टरांनी सांगितलं ते लिहिलं नाही. ती केंद्रात आली होती आणि तिला परत पाठवणारी मीच, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, तेही लिहिलं. कोप्यांमध्ये बायका आहेत हे मला माहीत होतं, त्यांना मोजा असं मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही, असं लिहून सही केली.

सुनावणी नगरला होती. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. नवरा सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. ऑफिसच्या व्हरांड्यात पोचले तर बाकावर राज्याच्या बाई. पिशवी मांडीवर. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनीही हाक मारली नाही.

आत जिल्हा आरोग्य अधिकारी साहेबांनी माझा खुलासा वाचला. चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही कबूलच करताय?"

"हो साहेब."

तेवढ्यात बाई आत आल्या. साहेब उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही? काही निरोप होता का?"

"नाही. आज माझी रजा आहे. मी सांगायला आलेय, घ्यायचं असलं तर लिहून घ्या." त्यांनी पिशवीतून एक छापील तक्ता काढून साहेबांपुढे ठेवला. "हा राज्याचा नमुना. दर महिन्याला सगळी केंद्रं हा भरतात. यात बाहेरून कामाला आलेल्यांचा रकाना दाखवा."

साहेबांनी वर-खाली बघितलं. "नाहीये."

"नाहीये. मी सात वर्षं हा तक्ता तपासते आहे. जिथं तिथं आडवी पडून बघते, पण हा कागद मी उभ्या उभ्या तपासला. रकाना नाही हे मला दिसलं नाही. यांच्या केंद्राला श्रावणात नोंदणीचे पूर्ण गुण कुणी दिले? खाली सही बघा. माझी आहे." पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला बारीक वाटला. "यांनी एका बाईला परत पाठवलं, ते त्यांनी लिहून दिलंय. त्याबद्दल काय ते करा. पण नोंद नाही म्हणून नोटीस काढायची असेल तर पहिली आमच्या कार्यालयाला काढा. माझ्या नावे."

साहेबांनी तक्ता घडी करून बाजूला ठेवला. घड्याळाकडे बघून म्हणाले, "चहा घेणार?"

मला लेखी समज मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि ती असायला हवी, असं मला वाटतं. डॉक्टर माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलले, मग पूर्ववत झाले. बाईंना पथकातून काढून प्रशिक्षण विभागात एका टेबलाशी बसवलं. वर्षभरात त्या निवृत्त झाल्या. पुढच्या हंगामाआधी आमच्याकडे परिपत्रक आलं, बाहेरून आलेल्या कुटुंबांची नोंद जिथं ती राहतील तिथं घ्यावी. त्यात बाईंचा हात किती, वरच्या कुणाचा किती, मला सांगता येणार नाही.

त्या वर्षी कोप्या उभ्या राहिल्या तशी मी वही घेऊन माळावर गेले. मुकादमाच्या बायकोने विचारलं, "आमची नावं लिवून काय व्हनार, बाई?" मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. पण सांगा." दोन दिवसांत सगळी यादी केली. आणि का कुणास ठाऊक, ती बाईंना दाखवावीशी वाटली. रविवारी पुण्याची एसटी धरली.

मनात त्यांच्या घराचं एक चित्र होतं. सगळं जागच्या जागी, भिंतीवर तक्ते, बरण्यांवर तारखा. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. आत सोफ्यावर कपड्यांचा ढीग, भिंतीवरचं घड्याळ बंद, आणि बाई पाय पोटाशी घेऊन टीव्हीवरची मालिका बघत होत्या. यजमान म्हणाले, "हिचं ऑफिसात फार नाव होतं म्हणतात. घरात गॅस बंद केलाय का तेसुद्धा मला बघावं लागतं."

"बसा, सिस्टर," बाई म्हणाल्या. "आता हिचं लग्न आहे." आणि टीव्हीकडे बोट दाखवलं.

मालिका संपल्यावर मी यादी पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"मी कशाला बघू? मी आता कुणी नाही. तुमच्या मते बरोबर आहे ना?"

"आहे, बाई."

"मग झालं. चहात साखर किती?"

मी जरा हिरमुसूनच निघाले. परतीच्या एसटीत नारायणगाव मागे पडल्यावर, हातात दुसरं काही नव्हतं म्हणून तीच यादी उघडली. एकेका नावावर बोट ठेवत गेले आणि प्रत्येक कोपी डोळ्यापुढे आणत गेले. ही मुकादमाची. ही शेळीवाल्या म्हातारीची. ही कालव्याकडेची, शेवटची. तिथं माझं बोट थांबलं. त्या कोपीत मी वाकून आत बघितलं तेव्हा झोळ्या दोन टांगलेल्या होत्या. माझ्या यादीत बाळ एकच होतं.

संगमनेर यायला अजून वेळ होता. मी घरी फोन लावला आणि म्हटलं, जेवायला थांबू नका, मला माळावरून जाऊन यायचंय.